दोन गाण्यांच्या मधली हाक

मी एक जुना स्पीकर आहे. कमरेएवढा उंच, काळा, समोरची जाळी एका कोपऱ्यात चेपलेली. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. तरी ती तुम्ही ऐकावी असं मला वाटतं.

सोलापुरात विजापूर वेशीजवळ लालसाबचाचांचं छोटं दुकान आहे. तिथे माझा जन्म झाला. चाचांनी स्वतः प्लायवूड कापून माझा खोका केला, आतल्या तारा जोडल्या आणि मला पहिल्यांदा वाजवलं. समोरचा चहावाला किटली घेऊन बाहेर आला. "क्या आवाज है, चाचा!" तो म्हणाला. मोठा आवाज हाच आपला गुण, असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढे एका टॉवेलच्या कारखान्याने मला विकत घेतलं. शिलाईच्या हॉलमध्ये वीस-बावीस बायका दिवसभर मशीनवर टॉवेलचे काठ शिवायच्या. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून मला गोदामाच्या दाराशेजारी, मांडणीवर ठेवलं. पेनड्राइव्ह लावला की मी सकाळपासून गात असे. बायका माझ्यावर खूश होत्या. दर सोमवारी कुणीतरी माझ्यावर बसलेले टॉवेलचे बारीक तंतू पुसायची.

त्यांच्यात महेश्वरी होती, बावीस वर्षांची. संस्कृती नवीन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिची सुई तीनदा मोडली आणि ती रडकुंडीला आली. महेश्वरीने आपलं मशीन थांबवून तिला काठ दुमडायला शिकवलं. पुढे दोघी एकाच डब्यात जेवू लागल्या. पॅकिंगमध्ये नंदीश होता. विशीतला, लाजाळू. महेश्वरीजवळ गठ्ठा ठेवून तो मान खाली घालूनच परत जायचा.

गेल्या वर्षी गणपतीत एक गाणं आलं. त्याचा ठेका असा होता की मशीनच्या पेडलवर पाय आपोआप पडत. त्यात एक ओळ होती: 'नको म्हणते म्हंजे ये की रं!' सगळा हॉल ती ओळ एकसुरात म्हणायचा. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी महेश्वरीही गुणगुणली. ते गाणं मी दिवसातून वीस वेळा वाजवत होतो.

एके दिवशी नंदीशने धीर करून महेश्वरीला विचारलं, "पिक्चरला येतीस का?"

"नको," ती म्हणाली.

महिन्यापूर्वी तो कानापर्यंत लाल होऊन निघून गेला असता. आता तो हसला आणि त्याने तीच ओळ म्हटली. हॉल हसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. चौथ्या दिवशी त्याने तिची ओढणी धरली.

"सोड. नको म्हणलं की तुला," महेश्वरी ओरडली.

शेजारच्या मशीनवरून संस्कृती म्हणाली, "अगं, मजा करतंय की त्ये. तुला एवढा राग कशाचा?"

शिवानंद मुकादम हे सगळं दारातून बघत होता. चाळिशीचा, बायकापोरांचा माणूस. या हॉलमध्ये बाईच्या 'नको'ला आता कुणी 'नको' मानत नाही, हे त्याला तिथेच कळलं.

आठवड्याने, भर दुपारी, त्याने महेश्वरीला सुताची रिळं मोजायला गोदामात पाठवलं. मग तो माझ्याजवळ आला. माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं, आत गेला आणि दाराला आतून कडी लावली.

मी गात होतो. आतून ती ओरडत होती. तिचा प्रत्येक शब्द माझ्या आवाजाखाली बुडत होता. मला थांबता येत नव्हतं. एक गाणं संपून दुसरं लागताना मी दोन क्षण गप्प होतो. तेवढ्यात तिची हाक बाहेर आली: "संस्कृती!"

संस्कृतीचं मशीन थांबलं. तिने दाराकडे पाहिलं. पुढचं गाणं लागलं आणि तिने पुन्हा पेडलवर पाय ठेवला.

महेश्वरी बाहेर आली तेव्हा तिची बाही खांद्यापासून फाटली होती आणि मनगटावर वळ होते.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या आईला, अक्कम्माला घेऊन आली. मालकाने सगळ्यांना गोळा केलं. "कुणी काय ऐकलं?" त्याने विचारलं.

महेश्वरी संस्कृतीकडे बघत होती.

"गाणं चालू होतं," संस्कृती म्हणाली. "मला काय ऐकू आलं न्हाय."

मागून नंदीशने हळूच ती ओळ गुणगुणली. फिस्सकन हसू फुटलं. अक्कम्मा समोरच उभी होती.

महेश्वरी रडली नाही. ती मालकाला म्हणाली, "लावा गाणी. तेवढ्याच आवाजात. मी आत जाऊन वरडते. तुमी हिच्या मशीनपाशी उभं ऱ्हावा."

मालक नाइलाजाने उभा राहिला. मी गायलो. मग ते दोन क्षण आले, आणि गोदामातून स्वच्छ ऐकू आलं: "संस्कृती!"

सगळ्यांनी ऐकलं. हसणं बंद झालं. संस्कृतीने तोंडावर पदर घेतला. तरीही काल ऐकल्याचं तिने कबूल केलं नाही.

मालकाने घड्याळ पाहिलं. "चूक ह्या स्पीकरची हाय," तो म्हणाला. "एवढा आवाज कशाला पायजे? काढा ह्याला."

एवढा एकच निकाल लागला. महेश्वरी आईबरोबर पोलीस चौकीत गेली. तक्रार लिहिली गेली, पण साक्षीला हॉलमधलं कुणी गेलं नाही. शिवानंद मुकादम कामावर आहे. नंदीशने फाटक्या बाहीची नक्कल करून त्या गाण्यावर एक रील केली. ती महेश्वरीच्या धाकट्या बहिणीच्या मोबाइलवरही पोचली.

मी आता लालसाबचाचांच्या दुकानात, भंगारात पडून आहे. परवा शिवानंद नवा स्पीकर घ्यायला आला होता.

"ये तो अच्छा चलता था," चाचा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "क्या बिगड्या इसका?"

"बिगडलं काय न्हाय," शिवानंद म्हणाला. "दोन गाण्यांच्या मधी लई थांबतो. न थांबणारा द्या."

चाचांनी दिला.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, जपा, असं मी म्हणणार नाही. गाणी ऐका, नाचा. पण जे गाणं बाईच्या 'नको'वर हसायला शिकवतं, ते तुमच्या तोंडी बसण्याआधी बंद करा. आणि कुणी तुमचं नाव घेऊन हाक मारली, तर गाणं चालू होतं असं सांगू नका. उठा, आणि आतली कडी निघेपर्यंत दारावर धडका मारा.