सोळा हातांच्या खाली

दुर्गाबाईला आडाची भीती वाटायची. आडात पडायची नव्हे हो, आड जायची! भरदुपारी आतून 'डुबुक' असा आवाज आला की ती हातातलं काम टाकून काठाशी धावायची. गेली, आणखी एक वीट गेली.

हा आड तिच्या सासऱ्याने, बुधाजीने, आपल्या हाताने अंगणात खणला होता. त्याआधी त्यांच्या घरच्या बायका गावविहिरीपासून दहा पावलं दूर घागर ठेवून उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, नाही आली तर तिथंच दुपार व्हायची. नवी नवरी असताना दोन उन्हाळे दुर्गाबाई तशी उभी राहिली होती. मग आड झाला आणि ते सुटलं. लेक शकुन वाढली ती घरच्याच पाण्यावर. आता बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सहा वर्षं झाली होती, पोट्टी चौथीत जात होती, आणि गावविहिरीवर तिचा पायही कधी पडला नव्हता. तो पडू नये, एवढ्यासाठीच दुर्गाबाईचा सगळा आटापिटा.

पण पूर्णेकाठची माती खारी. आडाच्या विटांना लोणा लागलेला, हात लावला की भुगा. बांधणी मधोमध फुगली होती. आज ना उद्या नवा आड करावाच लागणार, म्हणून दुर्गाबाई विटा जमवत होती. पैसा घरात टिकत नाही, वीट कोण खाणार? ती वीटभट्टीवर कामाला जायची आणि रोज संध्याकाळी मजुरीतून दोन पक्क्या विटा मागून घ्यायची. त्या डोक्यावर आणून घरामागे रचायची. चार वर्षांत बाराशे झाल्या. लागणार होत्या तीन हजार. बायका हसायच्या, "काहून वं दुर्गे, माडी बांधून राहिली का?" हसा म्हणावं, तुमचं काय जातं!

नवरा देवमन माणूस सोन्यासारखा, पण धीर म्हणून अंगात नाही. त्या वर्षी चैत्रातच आडानं तळ दाखवला. देवमन म्हणाला, "ह्याच आडाले खोल करू आपन. एक हात. जास्त नाई."

दुर्गाबाईची भाकर तव्यावरच राहिली. "अवो, मामाजी काय सांगून गेले? सोळा हातावर गोडं, त्याच्या खाली खारं. एकडाव खालचं वर आलं का गोडं बी गेलं. माह्या गळ्याची आन हाये तुमाले!"

"बाप्पा बाप्पा! बरं, नाई करत."

नाही करत म्हणाला, आणि चार दिवसांनी ती भट्टीवर गेलेली पाहून हा गडी कुदळ घेऊन आडात उतरला. वर टोपली ओढायला शेजारचा पुंजाजी.

संध्याकाळी ती दोन विटा घेऊन आली, तर अंगणात माणसं जमलेली. तिनं विटा तिथंच टाकल्या. ढासळला आड, गेला माझा माणूस! पण देवमन चिखलानं माखून हसत उभा होता. आडात कमरेइतकं पाणी चढलं होतं.

"पाह्य," तो हळूच म्हणाला, "किती वर्सं इटा वाहशील? तुही मान पाह्यली का, कशी वाकली ते? मले पाह्यवत नाई."

आता अशा माणसावर रागवावं तरी कसं? तिनं ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. गोड होतं. तरी तिनं आणखी एक घोट घेऊन पाहिला.

तिसऱ्या दिवशी तिनं तुरीची डाळ चुलीवर ठेवली. घंटाभर झाला, डाळ टणक. आणखी लाकडं सारली, पळीनं ठेचली. दाणे खड्यासारखे गरगर फिरत राहिले. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जिभेला अजून कळलं नव्हतं, डाळीला कळलं होतं. दुर्गाबाईनं ती डाळ घरामागे नेऊन ओतली. कुणाला सांगितलं की ते खरं होणार, असं तिला वाटत राहिलं.

पाचव्या दिवशी शकुननं घोट थुंकून टाकला. "माय, पानी असं काहून लागते?"

देवमननं काळी माती टोपल्या टोपल्या ओतून तळ बुजवून पाहिला. पाणी खारं ते खारंच. मग तो काठावर डोकं धरून बसला. "म्या बुडवलं वं तुले," म्हणून ढसढसा रडला. तिचं रागवायचं राहूनच गेलं. पलीकडच्या कोपऱ्यात नवा आड होईल, सोळाच हातांचा. दोघं मिळून विटा आणू, दोन-तीन उन्हाळ्यांत पुऱ्या होतील. तिनं नव्या आडाची तजवीज केली होती. मधल्या दिवसांची मात्र केली नव्हती, आणि घरात प्यायला थेंब नव्हता.

सकाळी ती घागर घेऊन निघाली. नको नको म्हणताना शकुन दोर-बादली घेऊन मागे आलीच. विहिरीवर चार बायका पाणी भरत होत्या. विहीर सगळ्यांची, असा सरकारी कायदा झाला होता, पण कायदा काही तिथं येऊन उभा राहत नाही. दुर्गाबाईचे पाय आपोआप थांबले. तिनं घागर खाली ठेवली. बरोबर दहा पावलांवर.

"थांबली काहून, माय?" असं म्हणून शकुन सरळ ओट्यावर चढली आणि तिनं बादली आत सोडली. पोट्टीला थांबायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

बायकांचे हात थांबले. पाटलाघरची माणिकबाई कमरेवर हात ठेवून वळली. "कोनाची पोट्टी हाये वं हे?"

शकुन दोर ओढत होती. बादली जड होती, तिचं कुणाकडे लक्षच नव्हतं. आता हिला ढकलतील, आता हात उगारतील! पोरीला ओढून पळावं, की हात जोडावे?

"कोनाची म्हनते मी?"

"माही," दुर्गाबाई म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिचा तिलाच ऐकू आला नाही. मग तिनं घागर उचलली, चालत गेली, ओट्यावर चढली आणि लेकीच्या हातांशेजारी दोर धरला.

"माही हाये," ती म्हणाली. दोघींनी मिळून बादली वर ओढली.