वाटणीत आलेले दगड

वाटणीत भावजयीला मासे मिळाले आणि माझ्या भावाला दगड.

फोनवर ऐकलं तेव्हा मला वाटलं, वैतागून बोलतोय. पण नाही, खरंच तसं होतं. त्यांच्या मोठ्या काचेच्या टाकीतले निळे-केशरी मासे, फुलांसारखी हलणारी प्रवाळं, महागडे दिवे, सगळं ती घेऊन गेली. रिकामी टाकी आणि तळातले दगड याच्या गळ्यात पडले. टाकी गाडीच्या मागच्या सीटवर आणि ते दगड वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत, असं सगळं भरून छोट्या माझ्या दारात उभा राहिला. छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला, दारातून वाकून आत येणारा माणूस. पण घरात पडलेलं नाव काही सुटत नाही.

"थोडे दिवस राहतो, ताई."

"राहा की. विचारतोस काय?" मी म्हणाले, आणि मग मला वास आला.

खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे घरात समुद्र, असं तो पूर्वी कौतुकाने सांगायचा. कसला समुद्र! आठवडाभर बंद राहिलेल्या जेवणाच्या डब्याचं झाकण उघडावं, आणि तेही तुंबलेल्या मोरीपाशी बसून, तसा तो वास होता. दोन दिवसांत तो पडद्यांत शिरला, उशांत शिरला, आणि माझ्या केसांत मुक्कामाला आला.

माझं काम कळलं तर माझा जीव का जात होता ते कळेल. मी इस्पितळात निर्जंतुकीकरण विभागात आहे. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, वाट्या आमच्याकडे रक्ताने भरून येतात. आम्ही त्या घासतो, धुतो आणि खोलीएवढ्या प्रेशर कुकरमध्ये वाफवून परत पाठवतो. माझ्या हातून गेलेल्या वस्तूवर काही म्हणजे काही जिवंत नसतं. हीच माझी नोकरी आणि हाच माझा स्वभाव. आणि माझ्याच बैठकीच्या खोलीत, सोफ्याशेजारी, हा माणूस घाण कुजवत बसला होता.

"हे जिवंत दगड असतात, ताई," त्याने समजावलं. "मेलेल्या प्रवाळांचे बनतात. त्यांच्या भोकाभोकांत जीव राहतात. आणताना रस्त्यात दगड सुकले, त्यामुळे वरचं सगळं मेलं. ते कुजणारच. अंधार ठेवायचा, पाणी बदलायचं आणि वाट बघायची. आत काही उरलं असेल तर येईल बाहेर."

"आणि नसेल उरलं तर?"

तो बादली उचलून पाणी बदलायला लागला.

छोट्या लिफ्ट दुरुस्त करतो. हातात पाना असला की गाणी म्हणणारा माणूस. त्याने कामावर बिनपगारी रजा टाकली आणि सकाळपासून टाकीसमोर स्टूल मांडून बसायला लागला. दाढी नाही, अंघोळीचं नाव नाही, पुढ्यात ताट ठेवलं की न बघता गिळायचं. बायकोबद्दल चकार शब्द नाही. मधूनच उठायचा, जुन्या टूथब्रशने दगडावरचा पांढरा बुळबुळीत थर खरवडायचा आणि एका वाटीत गोळा करायचा. ती वाटी माझ्या स्वयंपाकघरातली होती, हे मला ती धुताना कळलं. मी ती कचऱ्यात टाकली आणि हात साबणाने धूत राहिले. पाण्यावर साय धरायची. सायच म्हणते, कारण दुसरा शब्द लिहिला तर मला उठून जावं लागेल. तेव्हापासून दुधाचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही.

एकदा माझा तोल सुटलाच. "अरे, मेलेत ते! मेलेल्यांची किती सेवा करणार आहेस? फेकून दे आणि माणसासारखा कामावर जा."

"अजून थोडं थांब, ताई."

"कशासाठी?"

"यातही काही नाही निघालं," तो टाकीकडे बघतच म्हणाला, "तर मग काय राहिलं?"

तो हे इतकं हळू म्हणाला की माझा राग जागच्या जागी बसला. तो फक्त दगडांबद्दल बोलत नव्हता, हे कळायला मला काही शहाणपण लागलं नाही. मला भीती वाटली. बहीण आहे मी, त्याचा चेहरा मला वाचता येतो. त्यानंतर मी नाक दाबून गप्प राहिले.

पुढेही गप्प राहिले असते. पण एके दिवशी ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर आमच्या खिडकीशी आल्या, घुटमळल्या, आणि म्हणाल्या, "रागावू नका हं, पण तुमच्या अंगाला कुजका वास येतोय. आजारी आहात का? चार दिवस घरी राहा बरं."

मला! ज्या बाईने नव्या मुलींना नखं कशी घासायची ते शिकवलं, तिला! सगळ्या जणी खाली मान घालून चिमटे मोजत होत्या. मी तोंड लपवत घरी आले ते डोक्यात तिडीक घेऊनच.

छोट्या घरी नव्हता. त्या दिवशी त्याला वकिलाकडे जायचं होतं, घटस्फोटाच्या कागदांवर सही करायला. मी टाकीसमोर उभी राहिले. दगड फेकायचा विचार माझ्या मनात नव्हता, हे मी कोणापुढेही सांगेन. मला ते स्वच्छ करायचे होते. मेलेलं काढून टाकावं, वास घालवावा, आणि त्याचे दगड त्याला चकचकीत करून परत द्यावेत. नळाचं पाणी लावायचं नाही, फक्त खारं, असं त्याने बजावलं होतं. पण जिथे जीवच नाही तिथे मिठाचे लाड कशाला?

मी मास्क लावला, कोपरापर्यंत हातमोजे चढवले, न्हाणीघरात टब भरला आणि एकेक दगड त्यात सोडला. भिजू देत थोडे, म्हणजे घासायला सोपे जातील. हातमोजे काढून मी स्वयंपाकघरात बिनदुधाचा चहा घेतला. परत आले तर टबातलं पाणी हलत होतं.

आधी वाटलं, बुडबुडे असतील. मग वाकून पाहिलं. दगडाच्या एका भोकातून बोटाएवढा गुलाबी-तपकिरी किडा बाहेर येत होता. दोन्ही कडांना पांढऱ्या केसांच्या झालरी, आणि संपता संपत नव्हता. त्याच्यामागून दुसरा. पलीकडच्या भोकातून नखाएवढा केसाळ खेकडा धडपडत निघाला. मग सगळीकडूनच सुरू झालं. दोऱ्यासारखे हात वळवळवणाऱ्या चिमुकल्या चांदण्या, उड्या मारणारे पारदर्शक ठिपके, नुसत्या चिकट जिवंत गाठी. टबाचा तळ वळवळायला लागला. मी भिंतीला टेकले आणि चहा सगळा बेसिनमध्ये गेला.

तोंड पुसताना माझ्या लक्षात आलं की हे सगळे जिवंत होते. इतके दिवस आत दडून बसलेले होते. आणि आता बाहेर येत होते ते जगायला नाही, माझ्या पाण्यापासून पळायला.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

छोट्या न्हाणीघराच्या दारात आला. हातात कागदांची पिशवी होती. त्याने टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जिवंत होते?" त्याने विचारलं.

त्याने पिशवी तिथेच टाकली आणि गुडघ्यांवर बसला. "गोडं पाणी आहे हे, ताई, यात फुटतात ते! टाकीतलं पाणी आण, पळ!"

मी पळाले. दोन बादल्या आणल्या, अर्ध्या अंगावर सांडल्या. तो दगड उचलत होता, मी तळातलं वेचत होते. हातमोजे स्वयंपाकघरात राहिले होते, आणि खरं सांगते, मला त्यांची आठवणही झाली नाही. चांदण्या बोटांत घेतल्या की त्यांचे हात गळून पडत. ठिपके केव्हाच थांबले होते. मग त्या जाड किड्याला मी उघड्या हाताने धरलं. तो माझ्या बोटांना वेढे घालत होता, थंड, गिळगिळीत, आणि बोटांत काचेचा चुरा घुसावा तशी आग उठली. ओरडत ओरडत मी त्याला बादलीत नेऊन सोडलं आणि दुसऱ्याला धरायला वाकले.

जेवढं देखणं होतं तेवढं मेलं. वाचले ते किडे आणि तो केसाळ खेकडा.

नंतर त्याने मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं. किड्याचे बारीक केस माझ्या बोटांत रुतले होते. ते काढायला तो चिकटपट्टी बोटावर दाबायचा आणि हळूच सोलायचा. इतक्या जवळून तो किती दिवसांत बसला नव्हता. त्याला घामाचा, कुजक्या पाण्याचा वास मारत होता.

"मी मारले तुझे," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"एवढे होते आत," तो म्हणाला. "रोज समोर बसत होतो आणि मला एकही दिसला नाही." पट्टीचा नवा तुकडा फाडून त्याने माझ्या अंगठ्यावर लावला. "सही करून आलो, ताई."

"अंघोळ कर आधी," मी म्हणाले. त्याने केली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. जाताना दारात घुटमळला. "किडे परत दगडांत गेलेत ते जगलेत की नाही, काही सांगता येत नाही. एखादा बाहेर येतोय का बघशील? तू घरीच आहेस म्हणून म्हणतो. दिवा लावू नकोस."

"मी? त्या घाणीकडे बघत बसू?"

तो गेला. मी मास्क लावला आणि त्याच्या स्टुलावर बसले. बोटं अजून चुरचुरत होती. दुपार झाली, जेवणाची इच्छा त्या वासाने मेली. मग मोठ्या दगडाच्या कडेशी काहीतरी हललं. भोकातून ते गुलाबी तोंड निघालं, इकडेतिकडे चाचपलं, आणि झालरीसकट ओंगळ अंग ओढत बाहेर आलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी फोन लावला.

"आला बाहेर," मी म्हणाले.

पलीकडे कुठल्याशा इमारतीत लिफ्टची साखळी खडखडत होती. ती थांबली. "कसा आहे?"

"घाणेरडा," मी म्हणाले. "चांगला जाडजूड. हिंडतोय."

मग मला त्याचं नाक ओढणं ऐकू आलं.

"बाहीला पुसू नकोस," मी म्हणाले. "खिशात रुमाल ठेवलाय मी."