राजेसाहेबांची वेळ

उद्या व्हॉलीबॉलची फायनल, शाळेचं मैदान पाइपलाइनसाठी खणून ठेवलेलं, आणि सरांनी आठवड्यापूर्वी बुक केलेल्या नगरपालिकेच्या हॉलला हे भलंमोठं कुलूप. संघाची कॅप्टन तोफ (सर्व्हिस तशी, तोंडही तसंच) थेट मॅनेजरकाकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"पाच ते सहा आमचं बुकिंग आहे."

"या वेळेला राजेसाहेब चालायला येतात," काका म्हणाले.

"कसले राजेसाहेब? पदव्या कधीच रद्द झाल्यात. आम्हाला परीक्षेला होतं."

"मग परीक्षेत लिही. मला कुलूप काढायला सांगू नकोस."

"त्यांनी बुकिंग केलंय?"

"त्यांना बुकिंग करा म्हणू? जीभ झडेल माझी."

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात राजेसाहेब आले. स्कूटरवरून, हँडलला भाजीची पिशवी. बाजारात चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. काकांनी कमरेत वाकून कुलूप उघडलं, पण दारात तोफ आडवी.

"काका, ही वेळ आमची आहे. उद्या फायनल आहे."

एका राजाला काका म्हटलेलं ऐकून मॅनेजरकाकांना ठसकाच लागला.

"मला कुठे ठाऊक, बाळ?" राजेसाहेब ओशाळले. "गुडघ्यासाठी एकदा चालायला आलो, तर यांनी हॉलच रिकामा केला. आता नाही आलो तर घरी फोन येतो. खेळा तुम्ही. मी बागेत चालेन. सुटलो एकदाचा."

स्कूटर वळलीसुद्धा. पोरी आत धावल्या.

"जा, खेळा," मॅनेजरकाका ऐटीत म्हणाले. "राजेसाहेबांचा हुकूम आहे."

"हुकूम नाही काका, बुकिंग आहे."

"तेच ते."

"तेच ते कसं?"

"आत सोडलं ना? तुला खेळायचंय की भांडायचंय?"

तिला दोन्ही करायचं होतं. दाराजवळच्या फळ्यावर काका खडूने लिहीत होते: 'पाच ते सहा, राजेसाहेब. त्यांच्या परवानगीने मुली.' तिने ते तळहाताने पुसलं आणि लिहिलं, 'शाळेचा संघ'. काकांनी शांतपणे फडकं घेतलं आणि पुन्हा 'राजेसाहेब' लिहिलं, या वेळी ठळक.

"अगं, अर्धा तास गेला," आतून मैत्रीण ओरडली. "सर्व्हिस कोण करणार, फळा?"

तोफ आत आली. खडूच्या हातानेच तिने चेंडू उडवला आणि असा हाणला, की नेट, मागची रेघ सगळं ओलांडून तो भिंतीवर आपटला.

"आऊट," मैत्रीण म्हणाली. "कॅप्टन, उद्या राजेसाहेब नसतील समोर. आत मार."

तिने दुसरा चेंडू घेतला. तोही बाहेरच गेला.