कौशल्याबाईचे पांढरे खडे

"धुरा सोड, मंग घागर बुडव," विहिरीच्या काठावर उभा राहून उकंडराव पाटील म्हणाला आणि कौशल्याबाईचा दोर त्यानं जोड्याखाली दाबून धरला.

"पाटील, मालक तापानं फनफनून राह्यला. खारं पानी त्याच्या घशाखाली उतरत नाई. एक तांब्या भरू द्या. धुऱ्याचं मंग पाहू."

"मंग नाई. आता."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. दरसाल नांगराची एक सरी आत सारून पाटलानं तो खाल्ला होता, आणि कौशल्याबाईच्या नवऱ्यानं, तुळशीरामानं, ते कचेरीत जाऊन सांगितलं होतं. तेवढा त्याचा गुन्हा. राज्य इंग्रजाचं, कचेरी बुलढाण्याला, सगळ्यांच्या वर नागपूर. पण आमच्या गावात गोडं पाणी एकट्या पाटलाच्या विहिरीला. बाकी सगळा खारपाणपट्टा. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही.

ती रिकामी घागर घेऊन परत आली. दुपारी तुळशीराम गेला. शेवटचं पाणी तोंडात घातलं तेही खारं, आणि ते तोंड वाकडं करूनच गेला बिचारा. आमची भिंतीला भिंत. मी उशाशीच होते. मला ते तोंड विसरता येत नाही, तर तिला कसं यावं?

तेराव्याची पंगत उठली तेव्हा ती मला म्हणाली, "पुष्पे, या पाटलाले माह्या दारी पानी मांगाले लावीन. नाई लावलं तं मी बापाची लेक नाई."

मी मनात म्हटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं.

तिचा भाऊ इंद्रभान सोनाळ्याकडे डोंगराच्या पायथ्याशी सडकेची खडी फोडायचा. काळ्या पत्थराच्या पोटात त्याला काचेसारखे चमकणारे पांढरे खडे सापडायचे. खेळायला म्हणून त्यानं ते भाच्यांना आणले. पोरांनी ते खाऱ्या पाण्याच्या माठात टाकले, आणि चार दिवसांनी त्या माठातलं पाणी जिभेला कमी टोचायला लागलं. दुसरी बाई असती तर पोरांना धपाटा घालून खडे उकिरड्यावर फेकती. कौशल्याबाईनं भावाला गाडीभर खडे आणायला लावले.

तिनं ते ज्वारीएवढे बारीक कुटले, तळाला भोकं पाडलेल्या मडक्यांत भरले आणि मडकी एकावर एक रचली. वरून खारं पाणी ओतायचं, खालून थेंब थेंब धरायचं. ते काही गंगाजळ नव्हतं. पण त्यात तुरीची डाळ शिजली. ती वाटी घेऊन ती माझ्याकडे पळत आली होती.

मग आठवड्यात पाणी पुन्हा खारट झालं. तिनं कपाळावर हात मारला नाही. खडे राखेनं धुऊन पाहिले, भाजून पाहिले. शेवटी चुन्याच्या निवळीत भिजवले, खळखळून धुतले, उन्हात वाळवले, तर पुन्हा कामाला लागले. "पोट भरलं का ते मीठ खात नाई," ती म्हणायची. "मंग त्याईले ओकवा लागते." अर्धे खडे मडक्यांत आणि अर्धे उन्हात, अशी तिची पाळी ठरली. बाया येऊ लागल्या. पाटलाच्या विहिरीवरची गर्दी मोडली.

"दगडं धुऊन पेतात भिकारडे," पाटील पारावर हसायचा.

त्या उन्हाळ्यात त्याच्या पोरीचं, आशाचं, लग्न निघालं. पाहुणे मलकापूरचे, कापसाचे मोठे व्यापारी. विहीर आटलेली. पाटलानं सुरुंगवाला बोलावला. म्हातारे म्हणाले, "पाटील, खोल जाऊ नका. आपल्या इथी गोडं पानी दुधावरच्या सायीसारखं हाय. खाली निस्तं मीठ." पण ज्याची विहीर त्यालाच अक्कल! सुरुंग उडाले, पाणी धो धो आलं, पाटलानं पेढे वाटले. संध्याकाळी चूळ भरली तेव्हा थुंकला. त्याचं पाणी आता आमच्यापेक्षा खारट होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा गडी कडूबा तिच्या दारात उभा राहिला. गावातल्या साऱ्या गाड्या वऱ्हाड आणायला मलकापूरला गेलेल्या. दुरून पाणी आणायला बैल नव्हते.

"पाटलानं मडकी मांगतली, काकू."

"पाटलाले मनाव, माह्या दारात सोता ये आन पानी मांग. मंग मडकी काय, मी बी येतो संगं."

कडूबा गेला आणि चार गडी घेऊन आला. "नाई देत तं उचलून आना मनते. काकू, माहा इलाज नाई."

छपरातली मडकी आठवडाभर चाललेली. त्यातल्या खड्यांचं पोट गच्च भरलेलं. उद्या त्यांना चुना दाखवायचा होता. धुतलेले खडे अंगणात गोणपाटाखाली वाळत पडले होते. गड्यांनी ठिबकती मडकी तेवढी उचलली आणि गोणपाट ओलांडून गेले.

कडूबा दारातून वळला. "काकू, यात काई घालाव लागते का?"

"वरून पानी वता, खालून धरा," ती म्हणाली.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मीही तोंड उघडलं नाही. काऊन उघडू?

दुसऱ्या दिवशी वरणाचे हंडे सकाळपासून चुलीवर होते. गाडाभर काड्या जळाल्या, डाळ जशीच्या तशी. पंगत बसली आणि नवरदेवाच्या काकानं पहिला घास पानाबाहेर टाकला.

"पाटील, हे वरन हाय का खडी? आन हे पानी! आमाले मिठात मुरवाले बोलावलं का?"

मंडप हसला. आमचंच गाव सगळ्यात आधी हसलं. वऱ्हाडी उपाशी उठले आणि भरदुपारी गाड्या जुंपा म्हणाले. आशा सकाळपासून उपाशी, तहानेनं डोळे पांढरे करायला लागली.

तेव्हा पाटील आला. साऱ्या वऱ्हाडादेखत, भर उन्हात, स्वतः घागर घेऊन.

"कौशल्याबाई, पोरगी पडून राह्यली. पानी दे."

तिनं घरातला गोड्या पाण्याचा माठ उघडला, तांब्या भरला, पाटलाच्या बाजूनं निघून थेट मांडवात गेली आणि पोरीला स्वतःच्या हातानं पाजलं. "पे माय. तुह्यासंगं माहं भांडन नाई."

मग ती परतली. पाटील तसाच उभा होता. तिनं अंगणातल्या आडाचं खारं पाणी तांब्याभर काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"हे तुमाले. माह्या मालकाच्या तोंडात मी हेच घातलं होतं."

पाटलानं डोळे मिटून सारा तांब्या रिचवला. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"झाली तुही हौस?"

"इतक्यात कशी होईन?" कौशल्याबाई म्हणाली. "तुमची हीर काई आता गोडी होत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छपरापुढं बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. पाटील आला आणि सवयीनं सरळ पुढं जाऊन उभा राहिला. ती मडक्यांत धुतलेले खडे भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"मांगं जा पाटील," ती म्हणाली. "कडूबाच्या बायकोच्या मांगं."