तारेचं वळण

"आजचा दिवस खान्देशच्या शेतीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल," असे चुडामणभाऊंनी व्हिएतनामच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यासमोर उभे राहून जाहीर केले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तासाभराने कळले की तो पट्टा दोह्याहून आलेल्या विमानाचा होता. आपले सामान पलीकडे केव्हाचे एकटेच गोल फिरत होते.

गिरधर नानांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते मुंबईपासूनच चिडलेले होते. विमानात अपरात्री उठवून जेवायला घातले म्हणून चिडले, पाय सुजले म्हणून चिडले, आणि आता पट्ट्यापाशी फुकट गेलेल्या तासाचा राग वर चढला होता. नानांना एकेक तास मोलाचा होता.

रावेरकडच्या त्यांच्या केळीच्या बागेतून घड मजुरांच्या डोक्यावरून बांधापर्यंत यायचे आणि येता येता डागाळायचे. डागी माल व्यापारी बाजूला काढायचा. परदेशात म्हणे घड तारेला टांगून चाकावरून थेट शेडपर्यंत नेतात, ओरखडासुद्धा येत नाही. नानांनी मोबाइलवर बघून लोखंडी खांब रोवले, तार ओढली. घड सरळ वाटेला झकास पळाला. शेडकडे वळायच्या जागी मात्र चाक तारेवरून सुटले आणि घड बेबाबाईंच्या पुढ्यात आदळला. तेव्हापासून बेबाबाई त्या तारेला 'आमच्या ह्यांचं विमान' म्हणत. वेल्डिंगवाल्याने तीनदा हात टेकले. मोबाइलमध्ये घड दिसे, तार दिसे, वळण तेवढे कोणी दाखवत नसे. ते डोळ्यांनी बघायचे, एवढ्यासाठी नाना चौसष्टाव्या वर्षी विमानात बसले होते.

दौरा केळी उत्पादकांसाठी सरकारी अनुदानावर निघाला होता आणि सातबाऱ्यावर बत्तीसही जण शेतकरी होते. चुडामणभाऊंचे अमळनेरला खताचे दुकान होते. पाचोऱ्याचे दोन ठेकेदार होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते, धुळ्याचा एक जिमवाला होता. रोज बांधावर जाणारे एकटे नाना.

"हॉटेलच्या खोल्या दोन वाजता मिळतील," दौरा नेणाऱ्या कंपनीचा ललित बसमध्ये भीतभीत म्हणाला. हा मेहरूणचा मुलगा, बत्तीस जणांची भाषा आणि पासपोर्ट सांभाळत होता. "म्हणून आपण थेट केळीच्या बागेत जातोय."

बसमध्ये हळहळ पसरली.

"आंघोळ नाही, काही नाही, असं बागेत कसं जायचं?" जिमवाला म्हणाला.

"काहून? तिथी सोयरीक जमवाची आहे का तुले?" नाना म्हणाले.

"रातभर डोयाले डोया लागना नही, नाना," चुडामणभाऊ म्हणाले. भाषण संपले की ते अहिराणीवर येत.

"मंग झोपाले अमळनेर काय वाईट होतं?"

दोन तासांनी बस बागेच्या फाटकाशी थांबली. निळ्या गणवेशातल्या एका बाईने प्रत्येकाला एकेक कागद दिला. ललितने प्रश्न मराठीत सांगितला: गेल्या चौदा दिवसांत आपण दुसऱ्या कुठल्या केळीच्या बागेत गेला होता का?

एकतीस जणांनी 'नाही' लिहिले. छापील नमुन्यावर इतक्या माणसांनी एकदम खरे लिहिल्याचा हा प्रसंग त्यांच्या तालुक्यांना नवा होता. नानांनी 'हो' लिहिले, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून ललितकडून खाली इंग्रजीत 'रोज' असे लिहून घेतले. त्यांना वाटले, खरा शेतकरी ओळखण्यासाठी हा प्रश्न असावा. तसा तो होताही. बाईने कागद वाचला, हसून मान झुकवली आणि नानांना बाहेरचे बाकडे दाखवले.

"केळीचा रोग मातीतून पसरतो, कपड्यांतूनही येतो," ललितने समजावले. "जो बागेतून आला, त्याला बागेत सोडत नाहीत."

"मंग सोडता कोणाले? ज्यानं केळीचा खांब निस्ता सत्यनारायणाच्या पूजेत पाह्यला, त्याले?"

"नाना, रोगाचा प्रश्न आहे."

"रोगाचं मले सांगतो? या बसमधी माह्याशिवाय रोग पाह्यला कोणी?"

"दुसरा फारम भरा," चुडामणभाऊ कानात म्हणाले. "नही लिखा अन् चला."

"चौतीस वर्षं रोज जातो अन् नाही लिहू? तू लिहशील का, का मी दुकानात जात नाही म्हून?"

"लिखस ना. गरज पडनी ते दुकानच नही असं लिखस."

पण बाईने 'रोज' वाचले होते. ती हलेना. शेवटी नानांनी चुडामणभाऊंचा दंड धरला. "मले एक फोटो काढून आन. घडाचा नको, बागेचा नको, तुह्या तोंडाचा त मुळीच नको. जिथी तार वळते, तिथला."

"काढी लयसू, नाना. बठ्ठा काढी लयसू."

एकतीस जण औषधाच्या पाण्यात बूट बुडवून आत गेले. नाना दीड तास बाकड्यावर बसले. जाळीतून घड दिसत होते, निळ्या पिशव्यांत गुंडाळलेले, एकामागे एक, धक्का न लागता शेडकडे निघालेले. जिथे तार वळत असणार, तिथे नेमकी अवजारांची खोली होती. नानांनी त्या खोलीला शिव्या दिल्या, मग ती बांधणाऱ्याला, मग बाकीच्या एकतीस सातबाऱ्यांवर सह्या करणाऱ्या तलाठ्यांना. बाईने केळ्याच्या फोडी आणून दिल्या. केळे उत्तम निघाले, त्यामुळे राग आणखी वाढला.

मंडळी नारळपाणी पीत, वेताच्या टोकदार टोप्या घालून परतली. बस सुटताच नानांनी फोन तपासायला घेतले. जिमवाल्याने घड वजनासारखा उचलला होता. मुख्याध्यापक केळीच्या पानाआडून हसत होते. बॅनर धरून काढलेले सोळा फोटो होते. शेवटी चुडामणभाऊंनी अभिमानाने आपला व्हिडिओ लावला. "मित्रहो, मी आता उभा आहे तो तारेच्या वळणावर," त्यात ते शुद्ध मराठीत सांगत होते, आणि खरोखर तिथेच उभे होते. घड डावीकडून येई, त्यांच्या टोपीमागे जाई आणि वळून उजवीकडून बाहेर पडे. चार मिनिटांत एकोणीस घड टोपीमागे वळले. नानांनी मोजले.

मग ते चालत्या बसमध्ये उभे राहिले.

"हजार कोस आलो मी. रात्रभर पाय लोंबकळत ठेवून आलो. एक वळण पाहाले आलो, अन् त्याच्यापुढं हे टोपलं आन्लं तुमी. केळीले रोग लागत नाही, तुमी लागता. ज्याच्या पायाले माती, तो बाहेर, अन् ज्याले केळीचं बुड कोणतं अन् शेंडा कोणता कळत नाही, तो आतमधी नारळपानी पेतो. घरी गेल्यावर एकेकाचं नाव पेपरात देतो. बागेची वाट तरी ठाऊक आहे का, इचारतो गावासमोर. अन् उद्यापासून माह्याशी कोणी बोलाचं नाही."

ड्रायव्हरला एक शब्द कळला नव्हता, तरी त्याने गाणे बंद केले. मुख्याध्यापकांनी टोपी हळूच सीटखाली सरकवली. नाना खिडकीकडे तोंड करून बसले.

बरेच अंतर गेल्यावर चुडामणभाऊ शेजारी येऊन बसले. मांडीवर एक छापील कागद होता.

"तुमनं बठ्ठं खरं शे, नाना," ते खाली मान घालून म्हणाले. "पन आज सरकारले अहवाल धाडना शे. त्यामा तारेच्या वळणनी माहिती मांगेल शे. तेवढ्या दोन ओळी सांगा, मी लिखी लेस."