गीर बापाच्या लेकी

व्हिन्स मारेक वारला त्या हिवाळ्यात त्याच्या बायकोच्या, लिबुशाच्या, कुरणात अकरा गाभण गाई होत्या, आणि अकराही त्याच्या लाडक्या गीर वळूच्या लेकी. रंग तांबडा, तोंड आईसारखं पांढरं, कान लांब लोंबते आणि कास अशी, की चालताना गुडघ्यांना लागावी.

कुंपणापलीकडे एर्विन काहानेकचं कुरण. पंचवीस वर्षांपूर्वी दोघा मित्रांनी एकाच लिलावातून पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाई अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतल्या होत्या. आया त्याच, फक्त बाप वेगळा. व्हिन्सने गीर वळू आणला, एर्विनने नेलोर जातीचा. त्या नेलोरच्या लेकींची कास वर, घट्ट, आणि सड बोटाएवढे. वासरू उभं राहिलं की तासाभरात पोट भरून मोकळं. व्हिन्सच्या गाईंचे सड मात्र दर वेताला जाडच होत गेले. नव्या वासराच्या तोंडात मावायचेच नाहीत.

"सड आहेत का सोड्याच्या बाटल्या रे?" एर्विन कुंपणावरून ओरडायचा.

"असू दे की! तुझ्या गाई माणूस दिसला की तारा तोडून पळतात. माझ्या मान खाजवून घ्यायला येतात," व्हिन्स हसून म्हणायचा. मग व्यालेल्या गाईखाली बसून, चीक पिळून, सड जरा ओसरले की वासराच्या तोंडात द्यायचा. हे त्याने वर्षानुवर्षं, एकदाही न कुरकुरता केलं.

फेब्रुवारीत पहिली गाय व्याली तेव्हा ते काम लिबुशावर आलं. त्रेसष्टीची बाई, अंगठ्यांचे सांधे झिजलेले. तिने गाय हलू नये म्हणून खोड्यात अडकवली आणि सड धरला. मुठीत मावला, पण मूठ आवळेना. दुपारपर्यंत वासरू कासेला ढुशा देत भुकेलंच राहिलं. शेवटी तिने दुकानातून चिकाची पावडर आणून बाटलीने पाजली. त्या दिवशी ती गोठ्यातच बसून रडली. व्हिन्सच्या दफनाला नव्हती रडली इतकी.

दुसरी गाय व्याली. सकाळी लिबुशा धास्तावतच कुरणात गेली, तर वासराचं पोट तट्ट भरलेलं आणि तोंडाला दुधाचा फेस. तिसरीचंही तसंच, चौथीचंही.

रविवारी चर्चबाहेर तिने एर्विनला सांगितलं, "माझ्या गाई सुधारल्या बघ."

"वय झालं की सुधारतात," एर्विन खसखस भरलेला कोलाचे-पाव तोंडात कोंबत म्हणाला.

लिबुशा त्याच्याकडे बघतच राहिली. वय झालं की सड वाढतात, कमी होत नाहीत. हे तिला ठाऊक होतं आणि तिच्यापेक्षा जास्त त्याला.

सोमवारी ती उजाडताच कुरणात गेली. वारा उत्तरेचा, बोचरा. ओकच्या झाडाखाली पाचवी गाय मोकळीच उभी होती आणि तिच्या कुशीला कपाळ टेकून एर्विन चीक पिळत होता. एका मांडीने त्याने ओलं वासरू आवरून धरलं होतं.

"थांब की रे, अधाशा. तुझ्या गीर आजोबाची करणी निस्तरतोय," तो वासराला म्हणत होता.

"किती दिवस चाललंय हे?"

एर्विन दचकला. टोपी सावरली. "दुसरीपासून. मला माझ्या गच्चीवरून दिसतात गाई."

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस." त्याने सड वासराच्या तोंडात दिला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा धरला गेला. शेपटी हलायला लागली. "इतकी वर्षं चिडवलं त्याला. आता पिळताना कळतंय, काय हात होते त्याचे. आणि ही बघ, खोडाही लागला नाही. माझी एक तरी गाय अशी उभी राहील का?"

लिबुशा गाईच्या मानेशी गेली आणि खाजवत राहिली. वासरू चुटूचुटू पीत होतं.

"उन्हाळ्यात तुझा वळू माझ्याकडे सोड," ती म्हणाली.

एर्विनने मान वर केली. "व्हिन्सला चाललं असतं?"

"त्याचे हात होते, म्हणून हे चालत होतं. आता पुढच्या कालवडींना वासरं स्वतःची स्वतः पाजता यायला हवीत."

"आणि म्हातारा गीर?"

"तो राहील इथंच. ओळखीचा आहे."

राहिलेल्या सहा गाईंना दोघांनी मिळून निभावलं. तो पिळायचा, ती वासरू धरायची.

चौथ्या वर्षी त्या नेलोर बापाच्या पहिल्या कालवडी व्यायला लागल्या. कास आईपेक्षा बरीच वर, सड अंगठ्याएवढे. अगदी एर्विनच्या गाईंसारखे नव्हेत, पण वासराच्या तोंडात बसतील असे. पहिलीचं वासरू धडपडत उठलं, त्याने आधी आईच्या पुढच्या पायांमध्ये सड शोधला, मग ते वळलं आणि त्याला तो सापडला.

करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी एर्विन आला होता. लिबुशाने थर्मासमधली कॉफी त्याला ओतून दिली, आणि वासराचं पोट भरेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.