माझ्या चोचीतून उतरलेला रस

मित्रांनो, मी जाड काचेची जुनी पिळणी आहे. मधोमध धारांचा उंचवटा आणि कडेला रस ओतायला चोच. माझी काच साच्यात ओतल्यावर भट्टीत हळूहळू निवू दिली होती. घाईने निवलेल्या काचेत ताण राहतो आणि एखाद्या दिवशी ती उगीचच तडकते. मी तडकले नाही. एका सुताराच्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं.

सुताराच्या बायकोने मागच्या दारी ग्रेपफ्रूटचं झाड लावलं होतं. हे पपनसाचंच भावंड, गर गुलाबी आणि कडसर. रोज सकाळी ती त्याची फोड माझ्यावर दाबून फिरवी.

"हा रस आहे की शिक्षा?" सुतार तोंड वाकडं करून विचारी.

"कडू आहे म्हणूनच गुणाचा आहे. मला इतकी वर्षं सहन केलंत, मग हाही प्या."

ती मला सगळ्या भांड्यांच्या आधी धुवी. पाहुण्यांना सांगे, "यांची तब्येत या पिळणीने राखली आहे." मला ते खरं वाटे.

मग सुताराचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे का?" दोघांनी नाही म्हणून सांगितलं. फळाला औषध कोण म्हणेल? घरी आल्यावर बायकोने ठरवलं, गोळी रसाबरोबरच द्यायची. दोन्ही हृदयासाठी चांगली, मग फायदाही दुप्पट.

काही आठवड्यांनी सुताराच्या मांड्या दुखू लागल्या. रंधा मारताना दंड भरून येत.

"वय झालं," तो म्हणाला.

"वय कसलं? अंगात ताकद राहिली नाही," ती म्हणाली आणि एका पेल्याचे दोन पेले केले.

एके सकाळी त्याला खुर्चीतून उठता येईना. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. मुलगी त्याला घेऊन इस्पितळात गेली. बायको मागे थांबली, थर्मासमध्ये रस भरून न्यायचा म्हणून. तिने फळ कापलं, माझ्यावर टेकवलं, तोच फोन वाजला. फोन खांद्याशी धरून ती पिळत राहिली.

"आई, डॉक्टर विचारतायत, बाबा ग्रेपफ्रूट खातात का?"

"खात नाहीत गं, रस पितात. तोच घेऊन निघतेय."

मुलीने ते तिथेच डॉक्टरांना सांगितलं. मग म्हणाली, "आणू नकोस. आई, त्या रसामुळेच गोळी अंगावर आलीय."

बायकोचा हात माझ्यावर तसाच राहिला. चोचीतून रस ओट्यावर ठिबकत होता आणि ती त्याच्याकडे अनोळखी वस्तू पाहावी तशी पाहत होती. मीही सुन्न झाले. फळ ताजं होतं, मी स्वच्छ होते. मग विष आलं कुठून?

विष नव्हतंच. सुताराच्या गोळीचा बराचसा भाग आतडं एरवी मोडून टाकतं. हे फळ आतड्याचं ते काम बंद पाडतं. मग रोजची एक गोळी रक्तात कितीतरी गोळ्यांएवढी होते. त्याचे स्नायू विरघळू लागले होते आणि तो गाळ मूत्रपिंडांत अडकत होता.

सुतार वाचला. मूत्रपिंडं सावरली, पाय मात्र अजून पूर्ण सावरलेले नाहीत. "रस सकाळी आणि गोळी रात्री, असं चालेल?" बायकोने विचारून पाहिलं. डॉक्टर नाही म्हणाले. रसाचा परिणाम दिवसभराहूनही जास्त टिकतो. त्यांनी गोळी बदलून दिली. सगळ्याच गोळ्यांचं या फळाशी असं वैर नसतं. तरीही तिने मला पुन्हा हात लावला नाही. मी वरच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या मागे आहे.

मित्रांनो, घरात कुणाला नवी गोळी सुरू झाली, तर ती मनानेच बंद करू नका. पण डॉक्टर फक्त औषधांबद्दल विचारतील तेव्हा ताटातलं आणि पेल्यातलंही त्यांना सांगा. या घरात कुणी काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.